पाहुणा कीं गिऱ्हाईक?

मराठी भाषेंत घर सोडून जाण्याला जितके हेतु आहेत तितके शब्दही आहेत. देवासाठीं निघालेला माणूस यात्रेस जातो, विठोबासाठीं निघालेला वारीस जातो, पोटासाठीं निघालेला परमुलुखीं जातो, आणि केवळ मनाच्या सुखासाठीं निघालेला सफरीस जातो. या शेवटच्या शब्दाची हकीकत मोठी मनोरंजक आहे. अरबी ‘सफर’ फारसीच्या वाटेनें आपल्या मराठींत आली. तोच शब्द अरब व्यापाऱ्यांच्या गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला, स्वाहिली भाषेंत ‘सफारी’ झाला, आणि तेथून इंग्रजांच्या तोंडीं बसून पुन्हां आपल्या घरीं आला. शब्द आपल्या ओळखीचाच. पण त्यानें बरोबर आणलेला हेतु मात्र आपणांस नवा आहे. आपले आजे-पणजे देव पाहावयास जात, तीर्थें पाहावयास जात, आणि मुंबईस गेलेच तर राणीच्या बागेंत पिंजऱ्यांतला वाघ पाहून येत. मोकळें जनावर त्याच्या घरीं जाऊन पाहावें, हें त्यांच्या कल्पनेंतही आलें नसेल. तें वाटेंत भेटूं नये, अशीच त्यांची प्रार्थना असे.

सांप्रत हा नवा हेतु आपल्या मध्यमवर्गांत चांगलाच रुजला आहे. पाथरी हें परभणी जिल्ह्यांतलें, गोदावरीच्या उत्तरेस काळ्या जमिनींत वसलेलें तालुक्याचें गांव. येथें नांव घेण्यासारखें जंगल नाहीं. आहे तो कापूस, सोयाबीन, आणि पैठणच्या डाव्या कालव्याचें पाणी पोंचेल तेथें ऊंस. परंतु अशा गांवांतूनही उन्हाळ्याच्या सुटींत ताडोब्यास जाणारीं कुटुंबें आहेत, आणि मुलेंबाळें मिळवतीं झालीं कीं आफ्रिकेचा बेत करणारींही दिसूं लागलीं आहेत. अशाच एका परिचित घरांतील मंडळींनीं मध्यंतरीं आपल्या बेताचा कागद मजपुढें ठेविला. प्रवास टांझानियाचा, आरंभीं सेरेंगेटी, आणि मग प्रवाशांच्या गर्दीपासून दूर असें दक्षिणेकडील एक अफाट रान. हें रान फ्रेडरिक सेलू या इंग्रज शिकाऱ्याच्या नांवानें राखीव होतें. आमच्या शेजारच्या सेलूशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. हा गृहस्थ त्याच रानांत १९१७ सालीं महायुद्धाच्या धुमश्चक्रींत गोळी लागून पडला. २०१९ सालीं त्या रानाचा सुमारें तीस हजार चौरस किलोमीटरांचा भाग वेगळा काढून त्यास टांझानियाचे राष्ट्रपिते न्येरेरे यांचें नांव देण्यांत आलें. आपला परभणी जिल्हा सुमारें सहा हजार चौरस किलोमीटरांचा. तसे पांच जिल्हे एकत्र केले तर तें उद्यान होईल. जुलैंत जावें कीं फेब्रुवारींत, लहान विमानानें जावें कीं मोटारीनें, असे त्या मंडळींचे प्रश्न होते. अशा प्रश्नांना उत्तरें सांपडतात.

पण घरांतील बाईंनीं जो प्रश्न विचारला त्याला असें झटपट उत्तर नव्हतें. त्यांचें शेत एक गृहस्थ बटईनें करतो. आफ्रिकेचा बेत कानावर आल्यावर तो हंसून म्हणाला होता, “बाई, जनावरंच बघायची तर आपल्याच रानात या की. रोज रात्री रोह्यांचा कळप असतो. तिकीट नाही, काही नाही. उलट मीच पैसे देतो, फक्त जाताना तेवढे घेऊन जा.” बाई म्हणाल्या, “सर, तो थट्टेनं म्हणाला, पण मला तें लागलं. जें पाहण्यासाठीं आम्ही एवढे पैसे मोजणार, तेंच जावं म्हणून तो पैसे द्यायला तयार आहे. मग आमचं जाणं बरोबर आहे का?”

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. रानांतील प्राणी जगावे असें आज प्रत्येक सुशिक्षित मनुष्य म्हणतो. परंतु ते कोणाच्या खर्चानें जगावे आणि कोणाच्या सुखासाठीं, याचा विचार क्वचितच करतो. म्हणून हा प्रश्न थोडा उलगडून पाहणें अवश्य आहे.

त्याला दोन सोपीं उत्तरें आहेत, आणि तीं दोन्ही मला अपुरीं वाटतात. पहिलें उत्तर काटकसरीचें. देशांत दारिद्र्य असतां चैनीखातर इतका खर्च करूं नये, असें तें सांगतें. पण ही कसोटी लग्नांतल्या पंगतीस, शालूस आणि नव्या मोटारीसही तितकीच लागू पडते. खर्च अधिक आहे कीं कमी, एवढ्यावरून जनावर पाहण्याच्या इच्छेचें बरेंवाईट ठरत नाहीं. दुसरें उत्तर हिशेबाचें. प्रवाशांच्या पैशावरच रानें राखलीं जातात, तेव्हां जाणें हेंच पुण्य, असें हें उत्तर सांगतें. यांत तथ्य पुष्कळ आहे व त्याकडे मी पुढें वळणार आहें. पण या उत्तरानें बटईदाराच्या बोलण्याला बगलच दिली जाते. त्यानें पैशाचा विषय काढला खरा; त्याचें दुखणें मात्र निराळें होतें. एकाच जनावराकडे एकजण दोन डोळे भरून पाहतो आणि दुसरा रात्रभर डोळा न मिटतां पाहतो, हें कसें, असें त्याला म्हणावयाचें होतें.

तेव्हां आधीं हें पाहूं कीं मनुष्य मोकळें जनावर पाहण्यास जातो तो नेमकें काय पाहण्यासाठीं. केवळ आकृति पाहावयाची तर चित्रें आहेत, चित्रपट आहेत. सेरेंगेटींत नू नांवाचे दहा लाखांहून अधिक प्राणी वर्षभर पावसाच्या मागें एक मोठें वर्तुळ चालत असतात. फेब्रुवारीच्या सुमारास ते दक्षिणेकडील आंखूड गवताच्या पठारावर असतात व तेथें थोड्या आठवड्यांत लाखों वासरें जन्मतात. जुलै-ऑगस्टच्या सुमारास ते उत्तरेस मारा नदीकडे सरकतात व मगरींनीं भरलेलें तिचें पात्र ओलांडतात. हें सर्व कोणी पाहावें म्हणून चाललेलें नाहीं. पाहणारा नव्हता तेव्हांही तें चाललें होतें. आपल्या नित्याच्या जगांत जें जें दिसतें तें मनुष्याच्या कांहीं तरी उपयोगाचें असतें: बैल ओढण्यासाठीं, गाय दुधासाठीं, झाड सावलीसाठीं, माणूससुद्धां पुष्कळदां कामासाठींच. जें आपल्यासाठीं नाहीं, ज्याला आपली गरज नाहीं, तें आपल्या पाठीमागें केवढ्या ऐश्वर्यानें चाललें आहे हें पाहून मनुष्याचा अहंकार थोडा वेळ गळून पडतो. देवळांत जें होतें त्याच्या जवळपासचेंच हें कांहीं तरी आहे, आणि तें व्हावें म्हणून कोणी दूर गेला तर मी त्यास चैन म्हणणार नाहीं.

परंतु बेताचा कागद हातीं घेतला कीं हा हेतु हळूहळू पालटूं लागतो. त्या कागदावर ‘पांच मोठे’ हे शब्द ठळक अक्षरांत होते. सिंह, बिबळ्या, हत्ती, गेंडा आणि रानरेडा हे ते पांच. ही यादी केली ती निसर्गशास्त्रज्ञांनीं नव्हे, शिकाऱ्यांनीं. पायीं जाऊन ज्यांची शिकार करणें सर्वांत अवघड व धोक्याचें, असे हे पांच प्राणी. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ सालीं पूर्व आफ्रिकेंत गेले तेव्हां त्यांच्या तुकडीनें लहान-मोठे मिळून अकरा हजारांहून अधिक जीव मारून वा पकडून संग्रहालयासाठीं जमविले. त्यांपैकीं पांचशें बारा जनावरें पितापुत्रांनीं स्वतः टिपलीं. हें परकीयांचेंच पाप असें समजण्याचें कारण नाहीं. आपल्या कोल्हापूर संस्थानांत काळविटाची शिकार करण्यासाठीं चित्ते पाळीत, त्यांना शिकविणारे तरबेज लोक होते, आणि हिंदुस्थानांतले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हां ते आफ्रिकेंतून आणवीत. पुढें १९५२ सालीं हिंदुस्थानांतून चित्ता नाहींसा झाल्याचें सरकारनें जाहीर केलें.

आज बंदुकीच्या जागीं कॅमेरा आला, आणि आपण निर्दोष झालों असें आपणांस वाटतें. मोठा फरक पडला हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. छायाचित्रानें वाघ मरत नाहीं. तथापि शिकाऱ्याच्या मनांतील तीन गोष्टी हत्यार बदललें तरी टिकून राहतात: मोजण्याची हांव, मिळविण्याचा हट्ट आणि मिळालेलें दुसऱ्यास दाखविण्याची हौस. ‘तीन झाले, दोन राहिले’ असें म्हणणारा प्रवासी आणि भिंतीवरच्या शिंगांची मोजदाद करणारा संस्थानिक यांचें मन एकाच जातीचें आहे. एखादी वाघीण रस्त्यावर आली कीं तिच्या पुढें-मागें गाड्यांची रांग लागते, आणि वाघ न दिसलेला प्रवासी आपला पैसा बुडाला असें बोलून दाखवितो. २०१२ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयानें व्याघ्रप्रकल्पांच्या गाभ्यांतील पर्यटन तात्पुरतें थांबविलें होतें. ऑक्टोबरांत तें पुन्हां सुरू झालें तें गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक भाग प्रवाशांस खुला करूं नये अशा दंडकासह. कायद्यानें जागेला मर्यादा घालतां येते. इच्छेला मर्यादा ज्याची त्यानेंच घालावी लागते.

या बाबतींत कौटिल्यानें अर्थशास्त्रांत केलेला एक भेद मला फार मार्मिक वाटतो. राजानें दोन प्रकारचीं मृगवनें करावीं असें तो सांगतो. पहिलें राजाच्या विहारासाठीं. त्याला दार एकच, भोंवतीं खंदक, आंत गोड फळांचीं व कांटे नसलेलीं झाडें, उथळ पाण्याचीं तळीं. आणि आंतल्या हिंस्र पशूंचीं नखें व दाढा मोडलेल्या. दुसरें वन राज्याच्या सीमेवर, किंवा जमीन सोयीची असेल तेथें; आणि त्याचें लक्षण असें कीं त्यांत सर्व पशु अतिथि आहेत. दोन हजार वर्षांपूर्वींच्या राजकारणी पुरुषानें, ज्याला कोणी भाबडा म्हणणार नाहीं, पशूंसाठीं ‘अतिथि’ हा शब्द योजावा हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. आजचा प्रवासी नांव घेतो दुसऱ्या वनाचें. पण मागणी करतो ती पहिल्या वनाची. सिंह मोकळा हवा, पण नाश्त्यापूर्वीं दिसला पाहिजे. रान दूरचें हवें, पण तंबूंत गरम पाणी पाहिजे. नखें-दाढा शाबूत हव्यात, पण त्या आपणांस लागूं नयेत.

त्या लागतात त्या दुसऱ्यास. येथें या प्रकरणांतील तिसरा मनुष्य पुढें येतो, आणि त्याच्याशिवाय हा विचार अपुरा आहे. केनियांतील त्सावो हें आज सफरीचें प्रसिद्ध ठिकाण आहे. १८९८ सालीं तेथें रेल्वेचा पूल बांधीत असतां दोन सिंहांनीं महिनोन् महिने मजुरांचा फडशा पाडला. त्या कामावरील अधिकारी पॅटर्सन यानें आपल्या पुस्तकांत अठ्ठावीस हिंदी मजूर मेल्याचें लिहिलें आहे. मेलेल्या आफ्रिकी लोकांची तर कोणी नोंदच ठेविली नव्हती. या रेल्वेसाठीं हिंदुस्थानांतून तीस हजारांवर मजूर नेले होते. म्हणजे आपले लोक आफ्रिकेच्या रानांत प्रथम मोठ्या संख्येनें गेले ते पाहण्यासाठीं नव्हे, राबण्यासाठीं. आणि त्यांतील कित्येक सिंहाच्या तोंडीं पडले. त्या दोन सिंहांचीं पेंढा भरलेलीं धुडें आज शिकागोच्या संग्रहालयांत उभीं आहेत. त्या मजुरांचीं नांवें किती लोकांस ठाऊक आहेत?

जेथें जनावर खाऊन टाकीत नाहीं तेथें जनावराच्या नांवानें माणसास उठावें लागतें. १९५९ सालीं सेरेंगेटीच्या उद्यानांतून मसाई गुराख्यांस बाहेर काढून शेजारच्या न्गोरोन्गोरोच्या प्रदेशांत राहूं दिलें. आणि २०२२ पासून तेथूनही त्यांना शेंकडों किलोमीटर दूर म्सोमेरा येथें नेण्याचें काम सरकारनें हातीं घेतलें, त्यावरून मोठा वाद माजला. मध्य प्रदेशांतील कुनोच्या रानांतून गीरचे सिंह आणण्यासाठीं चोवीस गांवें हालविलीं. सिंह आले नाहींत, आणि २०२२ च्या सप्टेंबरांत तेथें नामिबियाचे चित्ते उतरले. आपल्या ताडोब्याचें नांव ज्यावरून पडलें तो तारू गोंडांचा देव. वाघाशीं झुंजून तो मेला अशी कथा आहे, आणि तलावाच्या कांठीं त्याचें ठाणें आहे. ताडोब्यास १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, १९९५ सालीं त्याचा व्याघ्रप्रकल्प झाला, आणि पुढें बोटेझरी, नवेगांव, जामणी हीं गांवें आंतून बाहेर आलीं. केंद्राच्या योजनेप्रमाणें अशा कुटुंबास २००८ पासून दहा लाख व २०२१ पासून पंधरा लाख रुपये देण्याचा नियम आहे, आणि गांवाची संमति घेण्याचें बंधनही कायद्यांत आहे. कित्येकांस रस्ता, शाळा व दवाखाना जवळ आल्यानें हें हितावहही वाटलें असेल. पण ज्या देवाच्या नांवानें रान ओळखलें जातें त्याचे भक्त बाहेर, आणि तो देव कोण हें ठाऊक नसलेले आपण तिकीट काढून आंत, ही गोष्ट आंत शिरतांना निदान मनांत असावी.

पाथरीचा बटईदार याच माळेंतला. त्याला कोणी उठविलें नाहीं; जनावरच त्याच्याकडे आलें. माळरानें नांगराखालीं गेलीं, ओढ्याकांठचीं झुडपें तुटलीं, आणि रोही व रानडुकरें पिकांत शिरलीं. तो शेताभोंवतीं जुन्या साड्या बांधतो, माळ्यावर बसून रात्रभर डबा वाजवितो, नुकसानीच्या पंचनाम्यासाठीं खेपा घालतो. १९७२ च्या कायद्यानें तें जनावर राखलें. कायदा योग्यच आहे. पण त्या राखणीचा रोजचा खर्च ज्याच्या माथीं पडतो तो रानाचा यजमान आहे, आणि तो स्वखुषीनें यजमान झालेला नाहीं.

आतां हिशेबाच्या उत्तराकडे वळूं, कारण तें खरोखर वजनदार आहे. त्याचा कैवारी म्हणेल, हें सर्व खरें धरलें तरी प्रवासी गेला नाहीं तर काय होईल? २०२० सालीं महामारीमुळें सफरी बंद पडल्या तेव्हां केनियांत मारा नदीच्या परिसरांतील ज्या मसाई जमीनमालकांनीं आपलीं कुरणें वन्यप्राण्यांसाठीं भाड्यानें दिलीं होतीं त्यांचें उत्पन्नच आटलें. भाडें थांबलें कीं कुंपण पडतें, कुंपण पडलें कीं जनावराची वाट मोडते. उलट नामिबियांत १९९६ च्या कायद्यानें गांवकऱ्यांच्या संघांना आपल्या भागांतील वन्यप्राण्यांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क मिळाला, आणि जनावर जिवंत राहण्यांत त्यांचा स्वार्थ उत्पन्न झाला. तेव्हां गिऱ्हाइकाला नांवें ठेवूं नका. रान त्याच्या खिशावर उभें आहे.

हा युक्तिवाद मी मान्य करतों, आणि तरीही म्हणतों कीं तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. गिऱ्हाइकाचा पैसा जातो तो जेथें नजर जाते तेथेंच. वाघ देखणा म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे. आपल्या माळावरच्या लांडग्याला नाहीं, रोह्याला नाहीं. माळढोकासाठीं सोलापूर व नगर जिल्ह्यांत १९७९ सालीं अभयारण्य झालें. पण तो पक्षी पाहण्यासाठीं गाड्यांच्या रांगा कधीं लागल्या नाहींत, आणि आज तेथें तो दिसणें हाच एक योग झाला आहे. एखाद्या जीवाचा जगण्याचा अधिकार पाहणाऱ्यांच्या आवडीवर अवलंबून ठेविला तर आवड बदलतांच तो अधिकारही संपेल. शिवाय गिऱ्हाइकाचें कर्तव्य बिल चुकतें केलें कीं पुरें होतें. कोणाला किती पोंचलें, कोणाला कांहींच पोंचलें नाहीं, हा प्रश्न त्याचा राहत नाहीं.

कालिदासाच्या रघुवंशांतील दिलीपाची कथा आपल्या घरांतून अजूनही माहीत आहे. गुरूची गाय सिंहानें धरली तेव्हां राजानें काय केलें? बाण काढतां येईना. हात जागच्या जागीं खिळला. मग त्यानें सिंहाला पापी ठरविलें नाहीं. भूक ही त्याची खरीच आहे हें त्यानें मानलें. गाईऐवजीं दुसऱ्या कोणाचें जनावर घे, असेंही तो म्हणाला नाहीं. त्यानें स्वतःचें शरीर पुढें केलें. या कथेंतील अद्भुताचा भाग सोडून दिला तरी नीतीचा सांगाडा स्पष्ट उरतो: सिंहही जगावा आणि गायही जगावी असें ज्याला वाटतें त्यानें त्याची किंमत स्वतः द्यावी, दुसऱ्याच्या गोठ्यांतून नव्हे. आपण सुशिक्षित लोक ‘वाघ वांचवा’ असें म्हणतों तेव्हां गाय बहुधा दुसऱ्याची असते.

पाहुणा आणि गिऱ्हाईक यांतील अंतर मला येथें दिसतें. गिऱ्हाइकानें पैसे टाकले म्हणून वस्तु मिळालीच पाहिजे. पाहुणा जें पानांत पडेल तें गोड मानतो. गिऱ्हाइकाला दुकानदाराच्या घरचें सुखदुःख विचारण्याचें कारण नसतें. पाहुणा तें विचारल्याशिवाय उठत नाहीं. आणि पाहुणचार घेतलेल्या माणसाला आपल्या दारीं आलेल्यास कोरडें परतवितां येत नाहीं. जें दुसऱ्याच्या घरीं घेतलें त्याची परतफेड आपल्या घरीं करावी लागते. पाहुण्यानेंही पैसे द्यावेच, कमी नव्हे. पण त्या पैशांनीं तो मोकळा झाला असें त्यानें मानूं नये.

हें तत्त्व बेताच्या कागदावर उतरवितां येतें. त्या कुटुंबाला मीं सांगितलें तें एवढेंच. सहा ठिकाणें धांवत पाहण्यापेक्षां दोन ठिकाणीं अधिक दिवस राहावें. जनावर दिसण्याची हमी देणाऱ्या माणसाकडून नव्हे, तर दिसेलच असें सांगतां येत नाहीं म्हणणाऱ्याकडून बेत आंखून घ्यावा. ज्या मुक्कामाच्या उत्पन्नांत भोंवतालच्या गांवांचा कायद्यानें ठरलेला हिस्सा आहे तो मुक्काम, थोडा महाग पडला तरी, निवडावा. आणि तसा हिस्सा आहे कीं नाहीं हें जाण्यापूर्वीं लेखी विचारावें. दक्षिणेकडील त्या रानांत रुफीजी नदीवर होडींतून व वाटाड्याबरोबर पायीं हिंडतां येतें. एक दिवस तरी तसें हिंडावें, म्हणजे आपण येथें मालक नाहीं हें पायांना कळेल. वाटाड्याला सिंह कोठें आहे हें विचारण्यापूर्वीं त्याचें गांव कोठें होतें हें विचारावें.

आणि शेवटची गोष्ट घरची. शेताचें उत्पन्न निम्मेंनिम्म वांटलें जातें, पण जागरण मात्र एकट्या बटईदाराचें. सौर ऊर्जेवर चालणारें, जनावराला इजा न करतां नुसता धक्का देणारें कुंपण आतां मिळतें. आपल्याकडे त्याला झटका मशीन म्हणतात. सफरीला निघण्यापूर्वीं त्याचा खर्च मालकानें करावा, आणि रोह्यांनीं खाल्लेल्या पिकाचा तोटा बटईदाराच्या वांट्यांतून अगोदर वजा करूं नये. बाईंना हें तात्काळ पटलें. घरच्या कर्त्या पुरुषांस पटण्यास जरा वेळ लागला. हा खर्च सफरीच्या कागदावर कां यावा असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या आक्षेपांत या सर्व प्रश्नाचें मर्म आहे. दूरच्या सिंहाचा खर्च एका वहींत आणि जवळच्या रोह्याचा खर्च दुसऱ्याच्या वहींत, अशी वांटणी आपण इतक्या सहजपणें केलेली असते कीं ती वांटणी आहे हेंच ध्यानांत येत नाहीं.

कोणी म्हणेल, इतक्या अटी घातल्यावर सफरीचा आनंद तो काय उरला? मला वाटतें, उरतो तोच खरा आनंद. जें आपल्यासाठीं नाहीं तें पाहून धन्य व्हावें, हा तिचा मूळ हेतु होता. आणि तो हेतु जो मनापासून धरील त्याला परत आल्यावर आपल्या शेतांतील कळपही पूर्वींसारखा केवळ उपद्रव म्हणून दिसणार नाहीं, व त्याच्यामुळें जागणारा मनुष्यही केवळ तक्रारखोर म्हणून दिसणार नाहीं. ज्याला हजारों कोसांवरचें रान पाहून इतकें दिसूं लागलें त्याचा पैसा कारणीं लागला. ज्याला पांचांपैकीं पांचही दिसले, आणि घरच्या बांधावर मात्र कांहींच दिसलें नाहीं, तो लांबचा प्रवास करून आला एवढेंच म्हणावें लागेल.